शिफारशीला परतीची तारीख हवी

गेल्या रविवारच्या वाचनकट्ट्यावर एका बाईंनी साधा प्रश्न विचारला आणि तिथे जमलेल्या तीसेक वाचणाऱ्या माणसांपैकी एकालाही त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. मंगळवारी तोच प्रश्न त्यांनी एका वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी विचारला, आणि पाच मिनिटांत त्यांच्या हाती नेमकं पुस्तक पडलं. ग्रंथपालांची बाजू मी या सदरातून कधीपासून मांडतो आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्याने ती माझ्यापेक्षा चांगली मांडली, म्हणून आज दुसरा विषय नाही.

कट्ट्याची रीत सगळीकडे असते तीच. प्रत्येकाने उठायचं, सध्या हाती असलेल्या पुस्तकाचं नाव सांगायचं, दोन-चार मिनिटं बोलायचं आणि ‘जरूर वाचा’ म्हणून खाली बसायचं. कुणी ‘सेपियन्स’चा मराठी अनुवाद आणला होता, कुणी ‘इकिगाई’, कुणी ‘अग्निपंख’. दोघांनी ‘मृत्युंजय’ नव्याने वाचायला घेतलं होतं. माणसं मनापासून बोलत होती. मग या बाई उठल्या. त्यांच्या सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता काही आठवडे पलंगावरच. टीव्हीचा कंटाळा आला आहे. पूर्वी वाचायच्या, मध्ये सुटलं. तर त्यांना काय वाचायला देऊ?

सूचनांचा पाऊस पडला. ‘मृत्युंजय’ द्या. ‘श्रीमान योगी’ द्या, दिवस कसे जातील कळणार नाही. ‘ययाति’ द्या. ‘इकिगाई’ द्या, या वयात उमेद येते. बाई लिहून घेत होत्या. यादी वहीच्या पानाच्या तळाशी पोचली, टाळ्या झाल्या, चहा आला.

सुचवलेल्यांपैकी एकही पुस्तक वाईट नाही, आणि सुचवणाऱ्यांची आस्था खरी होती. पण त्या आजींबद्दल एक अक्षर कुणी विचारलं नाही. ‘श्रीमान योगी’ हजारावर पानांचा ग्रंथ आहे. ज्या बाईला पाठीवर निजून राहायला सांगितलं आहे, तिने तो छातीवर पेलायचा कसा? हा प्रश्नही कुणाच्या मनात आला नाही. प्रत्येकाने स्वतःला आवडलेलं पुस्तक पुढे केलं. आजी त्या संभाषणात कुठेच नव्हत्या.

आता मंगळवार. वाचनालय तालुक्याच्या ठिकाणी असतं तसं: खाली वर्तमानपत्रांचं टेबल, वर लोखंडी कपाटं, जिन्याशी देवघेव. ग्रंथपाल बाईंनी यादी बघितली, बाजूला ठेवली आणि विचारायला लागल्या. ताई, त्या निजून वाचणार की उशीला टेकून बसता येतं? डोळ्यांचं काय? आधी काय वाचायच्या? कथा की कादंबरी? माहेर कुठलं त्यांचं? आणि मग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: अर्धवट टाकून दिलेलं एखादं पुस्तक आठवतंय का?

उत्तरं मिळत गेली. थोडं टेकून बसता येतं, पण हात लवकर दुखतो. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा राहिला आहे. पूर्वी दिवाळी अंक घ्यायच्या आणि त्यातल्या कथा आधी वाचायच्या. माहेर सांगोल्याकडचं. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी कुणीतरी भेट दिली होती. त्यातल्या सरदारांच्या नावांचा गोंधळ व्हायला लागला तशी ठेवून दिली.

ग्रंथपाल बाई उठल्या आणि व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ घेऊन आल्या. कपाटात दोन प्रती होत्या. दोन्ही उघडून त्यांनी ठसठशीत टाइपाची, सुट्ट्या ओळींची प्रत निवडली. १९४९ चं हे पुस्तक. वजनाला हलकं. एकेका माणसाचं एकेक शब्दचित्र, एका बैठकीत संपणारं. मध्येच थकवा आला आणि पुस्तक मिटलं तर धागा तुटत नाही. आणि सांगोला माणदेशातच येतो. म्हणजे त्या पानांवरची बोली, ती कोरडी माळरानं, ती माणसं आजींच्या माहेरच्या वाटेवरची.

शनिवारी पुस्तक परत आलं. वाचून झालं होतं. ग्रंथपाल बाईंनी शिक्का मारायच्या आधी विचारलं, त्यातलं कोण आवडलं? सून म्हणाली, ‘धर्मा रामोशी’ वाचून सासूबाईंना त्या दिवशी पुढे वाचवेना, पण ‘झेल्या’ त्यांनी दोनदा वाचलं आणि एकदा नातवाला वाचून दाखवलं. ‘झेल्या’मध्ये शाळा आहे, मास्तर आहे आणि एक अवखळ पोर आहे. ग्रंथपाल बाईंनी लगेच ‘बनगरवाडी’ काढून दिली. लेखक तोच, मुलूख तोच, आणि मध्यभागी धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला एक तरुण मास्तर. शब्दचित्रांकडून कादंबरीकडे जायचं, पण हात दुखेल एवढ्या जाडीच्या कादंबरीकडे नाही. एका वाचकाला पुढच्या पायरीवर नेण्याचं याहून चांगलं उदाहरण मला अलीकडे दिसलेलं नाही. त्या बाईंनी मला फोन करून हे सगळं सांगितलं, तेव्हा सर्वांत आधी मनात आलं की हे रविवारच्या तीस जणांना ऐकवायला हवं.

कट्टा आणि टेबल यांत फरक ज्ञानाचा आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. कट्ट्यावर त्या ग्रंथपाल बाईंपेक्षा कितीतरी जास्त वाचलेले लोक बसले होते. फरक परतीच्या तारखेचा आहे. वाचनालयातून दिलेलं पुस्तक परत येतं, आणि ते घेऊन वाचक समोर उभा राहतो. शिफारस चुकली असेल तर ती चूक सुचवणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडते. वाचक म्हणतो, नाही जमलं बुवा, चाळीस पानांपुढे गेलो नाही. मग का नाही जमलं हे विचारावं लागतं, आणि त्या उत्तरातून पुढचं पुस्तक ठरतं. दर आठ-पंधरा दिवसांनी ही परीक्षा द्यायची, वर्षानुवर्षं, शेकडो वाचकांपुढे. एखाद्या साध्या वाचनालयातल्या अनुभवी माणसाला ‘तुम्हाला हे आवडणार नाही, ते राहू द्या’ असं खात्रीने म्हणता येतं, ते या परीक्षेमुळे.

कट्ट्यावर सुचवलेलं पुस्तक मात्र कधी परत येत नाही. ‘जरूर वाचा’ म्हणणाऱ्याला ते कुणी वाचलं का, आवडलं का, कुठे सुटलं, हे कळत नाही आणि कळावं अशी सोयही आपण ठेवलेली नाही. पुढच्या महिन्यात तो दुसरं पुस्तक घेऊन उभा राहतो. हेच मोबाइलवरच्या गटांत रोज चालतं. पुस्तकांच्या गठ्ठ्याचा फोटो येतो, खाली अंगठे आणि हात जोडलेली चिन्हं येतात, आणि पुस्तक कुणाच्या घरात गेलं की नाही याचा पत्ता नसतो. अशा शिफारशींनी सुचवणारा सुधारत नाही आणि वाचणाऱ्याचं नुकसान होतं. नुकसान म्हणतो, कारण बऱ्याच वर्षांनी वाचायला बसलेल्या माणसाच्या हाती चुकीचं पुस्तक पडलं, तर तो पुस्तकाला दोष देत नाही, स्वतःला देतो. ‘आता आपल्याच्याने वाचन होत नाही’ असं म्हणून तो कायमचा थांबतो. त्या आजींच्या छातीवर हजार पानं ठेवली असती, तर आठवड्याच्या आत त्यांनीही हेच म्हटलं असतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. कट्ट्यावर माणसं सध्या वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल बोलतात, म्हणजे अनेकदा अर्ध्यावर असलेल्या. हाती काय आहे ते जरूर सांगावं. मित्रांनी एकमेकांना ते सांगणं ही फार सुंदर गोष्ट आहे. मात्र साठाव्या पानावर असलेल्या माणसाने दुसऱ्याला ‘वाचाच’ म्हणू नये. पुस्तक पूर्ण करावं, चार दिवस मनात राहू द्यावं, काय उरलं ते पाहावं आणि मग एखाद्या माणसाचा चेहरा आठवला, तर त्याला सुचवावं. चेहरा आठवत नसेल तर सुचवण्याची घाई कशाला?

शियाळी रामामृत रंगनाथन यांना आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतो, १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ मध्ये त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. त्यातला दुसरा नियम वाचकाच्या वतीने बोलतो: त्याला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा पुस्तकाच्या वतीने बोलतो: त्यालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचनकट्ट्यांनी या तिसऱ्या नियमाचा विचारच केलेला नाही. ‘मृत्युंजय’ला, ‘ययाति’ला, ‘छावा’ला वाचक शोधत हिंडावं लागत नाही. पिढ्या बदलल्या तरी ती पुस्तकं आपल्या पायांनी चालत घराघरांत जातात. शिफारशीची गरज आहे ती कपाटात मागच्या रांगेत उभ्या असलेल्यांना.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्या. १९६० ची कादंबरी. मराठीतल्या थोर कादंबऱ्यांत समीक्षक तिची गणना करतात, पण कट्ट्यांवर तिचं नाव मी क्वचितच ऐकतो. ‘अप्रतिम आहे, जरूर वाचा’ म्हणून ‘धग’ कुणाच्या हाती दिली तर ती बहुधा परत येईल, कारण पात्रांच्या तोंडची वऱ्हाडी पुण्या-मुंबईच्या वाचकाला सुरुवातीला अडवते. तिची शिफारस करायची तर असं सांगावं लागतं: पहिली काही पानं मोठ्याने वाचा, बोली कानात बसू द्या, मग ती आपोआप वाहायला लागेल. कौतिक नावाच्या बाईची ही गोष्ट आहे; संसार सावरायला ती जिवाचं रान करते आणि दारिद्र्य तिला एकेक करून सगळीकडून घेरत जातं. दिलासा हवा असेल तर आत्ता वाचू नका. आई-आजीच्या कष्टांबद्दल घरात कधी कुणी नीट बोललं नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मात्र वाचावी. यात कुणाला द्यावं, कुणाला आत्ता देऊ नये आणि वाट कुठे अडेल, या तिन्ही गोष्टी आल्या. नुसत्या ‘अप्रतिम’मध्ये यातली एकही येत नाही.

काही वाचक विचारतील की मग एकाच वेळी हजारोंना पुस्तक सुचवताच येत नाही का? येतं, आणि मराठीत ते झालेलं आहे. गोविंद तळवलकरांनी ‘वाचता वाचता’ या लेखनातून वर्षानुवर्षं महाराष्ट्राला पुस्तकांची ओळख करून दिली. पुस्तक पुरतं पचवून, त्याचा विषय, त्याची बाजू आणि त्याच्या मर्यादा ते मांडत. सतीश काळसेकरांनी ‘आपले वाङ्मय वृत्त’मधून आपल्या वाचनाच्या नोंदी लिहिल्या, त्यांचं पुस्तक झालं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’, आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सध्या काय वाचतो आहे हे सांगण्याच्या लेखनाला एवढा मान मिळावा, ही मराठीसाठी फार मोठी गोष्ट होती. लघुनियतकालिकांच्या चळवळीत वाढलेल्या या कवीने पुस्तकांसोबत माणसं आणली: दुकानदार, मित्र, संपादक, अनुवादक. पुस्तक कुठल्या वाटेने हाती आलं हे कळलं की वाचक ती वाट स्वतः धरू शकतो. या दोघांनी शिफारशीखाली सही केली आणि पुढच्या मजकुरात पुन्हा त्याच वाचकांना सामोरे गेले. परतीची तारीख त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती.

आणि १९७८ मध्ये ग्रंथालीने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, तेव्हा पु. ल. देशपांड्यांसारख्या सर्वांत लाडक्या लेखकाने त्यावर कळकळीने लिहिलं. ज्या मध्यमवर्गीय घरांत त्यांची पुस्तकं हसत वाचली जात, त्याच घरांत ते एक अस्वस्थ करणारं आत्मकथन घेऊन गेले. आपल्या वाचकांना काय रुचतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही त्यांनी ते पुढे केलं. शिफारस करणाऱ्याने आपली पत पणाला लावायची असते, ती अशी.

आता माझा जुना मुद्दा, जो काही वाचकांना कंटाळवाणा वाटतो आणि मला दर आठवड्याला अधिक खरा वाटतो. वाचन घटलं याचं खापर आपण मोबाइलवर फोडतो. माझं ठाम मत आहे की वाचन घटलं त्याला देवघेवीच्या टेबलामागचं जाणतं माणूस कमी होत गेलं हे मोठं कारण आहे. १८९३ मध्ये ठाण्यात आणि १८९८ मध्ये मुंबईत मराठी ग्रंथ संग्रहालयं उभी राहिली. गावोगावची वाचनालयं त्याच ध्यासातून वाढली. १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. शासन ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतं आणि त्यानुसार अनुदान देतं. त्यासाठी पुस्तकं किती, नियतकालिकं किती, सभासद किती हे मोजलं जातं. वाचकाला पाच प्रश्न विचारून एक पुस्तक देणारी बाई तिथे आहे की नाही, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. त्या बाईला महिन्याला मिळणारं मानधन ऐकलं तर तुम्हाला लाज वाटेल. मला वाटते.

तारखांच्या चिठ्ठीबद्दल मी मागे लिहिलं, तेव्हा काहींनी मला संगणकविरोधी ठरवलं होतं. संगणकाला माझा विरोध नाही. कपाट शोधायला त्याची मदतच होते. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली ती चिठ्ठी बारकोड आल्यावर काढून टाकू नका, हे माझं म्हणणं कायम आहे. त्या चिठ्ठीवरून ग्रंथपालाला एका नजरेत कळतं की हे चांगलं पुस्तक किती वर्षांत कुणी नेलेलं नाही, आणि मग ते कुणाला सुचवावं याचा तो विचार करू लागतो. संगणकही ही माहिती देतो, पण कुणी मागितली तर. चिठ्ठी न मागता देते.

वाचनकट्ट्यांनी बंद व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. रविवारची सकाळ पुस्तकांसाठी देणारी तीस माणसं एका गावात असणं हे त्या गावाचं भाग्य आहे. या भाग्याचा उपयोग व्हावा, एवढंच म्हणतो. त्यासाठी माझी विनंती आहे, आणि ती मोबाइलवरच्या गटांनाही लागू आहे. पुढच्या वेळी प्रत्येकाने एकच पुस्तक आणावं, पूर्ण वाचलेलं, आणि ते समोरच्या एका माणसाला त्याच्याकडे पाहून द्यावं. देण्याआधी त्याला विचारावं: शेवटचं आवडलेलं कोणतं, अर्धवट सोडलेलं कोणतं, वाचायला वेळ कधी मिळतो? तुम्हालाच का देतो आहे, हे दोन वाक्यांत सांगावं. त्यानंतरच्या कट्ट्याची सुरुवात नव्या पुस्तकांनी करू नये. आधी मागच्या वेळी दिलेलं पुस्तक परत यावं, आणि ते नेणाऱ्याने सांगावं की कुठवर गेलो, काय आवडलं, कुठे अडलो. सुचवणाऱ्याने ते ऐकून घ्यावं.

आणि ज्या गावात अजून वाचनालय आहे, तिथल्या वाचकांनी या आठवड्यात वर्गणी भरून यावी. टेबलामागच्या माणसाला सांगावं की मला काय वाचावं ते कळत नाही, तुम्ही द्या. ते काम त्यांना येतं. त्यांना फक्त कुणी विचारेनासं झालं आहे.